गोलमागचं स्टूल

दळवी सरांची एक व्हॉइस नोट अजून माझ्या फोनमध्ये आहे. मागे बसची घरघर, कुठल्याशा स्टॉपचं अरबीत पुकारलेलं नाव, आणि त्यावर सरांचा शांत, फळ्यावर लिहीत लिहीत बोलल्यासारखा आवाज: "मॅडम, लिहा. आज आपण तीन-शून्य हरलो. डिफेन्स चांगला झाला. बाकी विशेष नाही."

ही नोट मी तेव्हा तीनदा ऐकली होती. पहिल्यांदा वाटलं, चुकून 'चांगला' म्हणाले. दुसऱ्यांदा वाटलं, उपरोधानं म्हणाले. तिसऱ्यांदा मला सरांची काळजी वाटायला लागली. तीन गोल खाल्लेल्या बचावफळीला चांगलं म्हणणारा माणूस एक तर फार मोठा असतो किंवा त्याचं वय झालेलं असतं. सरांचं साठावं वर्ष चालू होतं आणि मी पुण्याची असल्यामुळे दुसरी शक्यता आधी धरली.

मी दुबईतल्या एका कॉलेजात स्टुडंट अफेअर्सला आहे. बस-पास, हजेरीची पत्रं, व्हिसाचे फॉर्म ही माझी कामं. फुटबॉलचा आणि माझा संबंध एवढाच, की आमच्या टीमचा जुना मॅनेजर कॅनडाला गेला. इथे माणूस कॅनडाला गेला की त्याची कामं मागे राहिलेल्यांत वाटली जातात, तसं ते माझ्या पदरात पडलं. पाण्याच्या बाटल्या, बस, जर्सीची लाँड्री आणि दर सोमवारी डीनना अर्ध्या पानाचा रिपोर्ट. रिपोर्टाचा विषय डीननी स्वतः ठरवून दिला होता: या सीझनमध्ये आपला डिफेन्स कसा चाललाय.

डीन म्हणजे डॉक्टर फादी. मूळचे लेबनॉनचे, फुटबॉलवर मनापासून प्रेम करणारे. आदल्या वर्षी आमच्या पोरांनी पुढे जेवढे गोल केले त्याहून जास्त मागे खाल्ले, आणि ते दुःख डॉक्टर फादींच्या मनात घर करून बसलं होतं. "मॅडम, गोल स्कोअर करणारे मला मिळतात," ते म्हणाले, "पण मागे उभा राहणारा कोणी नाही. मला दर आठवड्याला डिफेन्सचं सांगा. फक्त डिफेन्सचं."

हे मला काय कळणार? पण त्याच आठवड्यात दळवी सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, मागची चार पोरं यंदा मी बघतो. कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय माझं. शेवटचा सीझन. द्या की मला."

सर सिव्हिलला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवायचे. कॉलेजातली सगळ्यात जुनी हजेरी त्यांची. मूळचे कोल्हापूरचे. उंच, किडकिडीत, बाराही महिने फुल शर्ट, खिशाला दोन पेनं. बायको काही वर्षांपूर्वी सासूबाईंच्या आजारपणासाठी कोल्हापूरला गेल्या आणि मग तिथेच राहिल्या. सर इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत एकटे राहायचे आणि बसनं यायचे. स्टाफरूममध्ये कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. कोल्हापुरात पेठांच्या, तालमींच्या टीम असतात, तिथला माणूस पोटातून फुटबॉल घेऊनच येतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की रिपोर्टाचा प्रश्न सुटला. मी टीमचा ताबा असल्याच्या थाटात हो म्हटलं.

"एक स्टूल लागेल," सर म्हणाले.

"स्टूल?"

"घडीचं. गोलच्या मागे बसायला."

टीमच्या बाकावर खुर्च्या आहेत, सावली आहे, पाणी आहे, हे मी सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि स्टोअरमधून स्टूल सही करून नेलं. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक मॅचला आमच्याच गोलच्या जाळीमागे, चार पावलांवर, फुल शर्टातला एक माणूस स्टुलावर बसलेला असे. हाफ टाइमला बाजू बदलल्या की तो स्टूल काखेत मारून सगळं मैदान चालत दुसऱ्या टोकाला जाई.

आणि तिथून तो बॉलकडे बघत नसे. हे मला दुसऱ्या मॅचला लक्षात आलं. बॉल पलीकडच्या टोकाला, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि सर मात्र आपल्या चार पोरांच्या पाठींकडे बघत बसलेले. आपल्या फॉरवर्डनं गोल मारला, पोरं नाचली, शिट्ट्या झाल्या, तरी सर बघताहेत लेफ्ट बॅकच्या टाचांकडे. मॅच संपली की स्टूल मिटवून येत आणि मला विचारत, "किती झालं, मॅडम?"

सुरुवातीला मला ही थट्टा वाटे. पण त्यांना खरंच माहीत नसे.

ती चार पोरं म्हणजे लेफ्ट बॅक चिडी, नायजेरियाचा. मधे करीम, इजिप्तचा, आणि झैद, जॉर्डनचा. राइट बॅक ओंकार, आमच्याच अल बर्शातल्या एका मराठी कुटुंबातला, जन्मापासून इथलाच. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशमध्ये. आणि सर यांना कशा हाका मारत? "बापू, आत ये! तात्या, बघ की! दिनू, सरक! गजा, सरक!"

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चमकून वळले. सहा फुटांचा चिडी आणि हा माणूस त्याला बापू म्हणतोय. नावं विसरले की काय? त्याहून गोंधळ हा, की चिडी 'बापू' ऐकल्यावर निमूट आत येत होता. मी ओंकारला बाजूला घेऊन विचारलं, "सर तुला काय म्हणतात?"

"गजा."

"का?"

"डोन्ट नो, आंटी. राइट बॅक इज गजा. लास्ट वीक मी सिक होतो ना, तेव्हा रायन वॉज गजा."

म्हणजे नाव पोराचं नव्हतं, जागेचं होतं. एवढं समजलं. पण असं का, ते काही समजेना. सरांना विचारलं तर म्हणाले, "लेफ्ट बॅक म्हणजे बापूच असतोय, मॅडम. माणूस कुठलाबी असू दे." आणि हे इतक्या स्वाभाविक स्वरात, की आपणच खुळ्यात जमा.

एकदा मी सरळ कँटीनमध्ये त्यांना गाठलं. म्हटलं, सर, मला रिपोर्ट लिहायचा असतो, मला एकदा डिफेन्स समजावून सांगा. सर खूश झाले. चार करक चहा मागवले. पातळ कागदी कपातला तो घट्ट, वेलदोड्याचा चहा, एका ओळीत टेबलावर मांडला. "हा बापू. हा तात्या. हा दिनू. हा गजा. आता समजा, बापू पुढं गेला." डावीकडचा कप त्यांनी पुढे सरकवला. "मग तात्यानं काय करायचं?"

"त्याच्या मागे जायचं?"

"न्हाई. त्याच्या जागेवर सरकायचं. मग दिनू तात्याच्या जागेवर. गजा दिनूच्या. एक गेला की सगळ्यांनी एकेक घर सरकायचं. बोंब मारायची नाही, पळायचं नाही. सरकायचं. भोक पडलेलं समोरच्याला दिसायच्या आत बुजलं पाहिजे." ते कप सरकवत होते आणि मी मान हलवत होते. मान हलवता हलवता मी गजाचा चहा पिऊन टाकला. सर माझ्या हातातल्या कपाकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "चालतंय. आता तिघांत करायचं."

दुसरी गोष्ट मोज्यांची. आमचं मैदान कृत्रिम गवताचं. त्यात काळ्या रबराची बारीक भुकटी असते आणि पोरगं घसरून पडलं की ती मोज्यांत, चड्डीत, सगळीकडे जाते. मॅच संपली की सर चौघांना ओळीनं उभं करून मोजे झाडायला लावत. खाली पडलेली भुकटी वाकून बघत. एकदा चिडीनं शेवटच्या मिनिटाला असा काही घसरत जाऊन बॉल काढला, की पलीकडच्या कॉलेजच्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी धावत जाऊन त्याला शाबासकी दिली. सरांनी त्याचे मोजे झाडून घेतले, मूठभर भुकटी निघाली, आणि सर त्याच्याशी तो सबंध दिवस बोलले नाहीत. मला म्हणाले, "घसरावं लागलं म्हणजे आधी कुठंतरी उशीर झालेला असतोय. मोजे स्वच्छ तर डिफेन्स स्वच्छ."

आता मला सांगा, मी डीनना काय लिहायचं? मोजे स्वच्छ होते?

म्हणून मी काय केलं, ते आता सांगते. मी रिपोर्ट सुधारले.

यात मला काही चुकीचं वाटलं नाही. आमच्या ऑफिसात कुणीही सांगितलेलं जसंच्या तसं वर जात नाही. साहेबाचा राग 'कन्सर्न' करून पाठवायचा, पोराची थाप 'पर्सनल रीझन' करून पाठवायची, हेच मी रोज करते आणि बरं करते. पहिल्या मॅचला आपण एक-शून्य जिंकलो आणि सरांची बसमधून नोट आली, "डिफेन्स अत्यंत वाईट. देवानं वाचवलं." जिंकलेल्या मॅचचा असा रिपोर्ट गेला तर सर विनोदी दिसतील, असं मला वाटलं. मी लिहिलं, 'डिफेन्स भक्कम. एकही गोल दिला नाही.' पुढे तीन-शून्य हरलो आणि सर म्हणाले, चांगला झाला. मी लिहिलं, 'डिफेन्समध्ये सुधारणेची गरज.' सर असं का बोलतात हे डीनना कळू नये, त्यांच्या शेवटच्या वर्षात कुणी त्यांच्या वयाकडे बोट दाखवू नये, एवढीच माझी धडपड. मी त्यांना सांभाळून घेत होते. निदान मला तसं वाटत होतं.

असा सीझन अर्ध्यावर आला. एक दिवस जिंकायचो, एक दिवस हरायचो. सर नोट पाठवायचे, मी ती उलटवून पुढे ढकलायची.

जानेवारी संपता संपता डॉक्टर फादींनी मला बोलावलं. टेबलावर माझे सगळे रिपोर्ट ओळीनं लावलेले. "मॅडम, मी हे सगळे एकत्र वाचले. एक आठवडा एक्सलंट, पुढचा आठवडा डिझास्टर. परत एक्सलंट, परत डिझास्टर. पोरं तीच आहेत. मग बदलतंय काय? म्हणजे शिकवण्यात काहीतरी प्रॉब्लेम आहे. मिस्टर दळवी फार चांगले आहेत, पण ओल्ड झाले. मी कोच घेतलाय. सोमवारपासून येईल." मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "खलास, मॅडम. साइन झालं."

कोच आला. भला माणूस होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. लॅपटॉप, रंगीत शंकू, मनगटावर शिट्टी. पहिल्याच दिवशी त्यानं नम्रपणे सांगितलं, की गोलच्या मागे कुणी बसायचं नाही, तो लीगचा नियमच आहे. नियम खरोखरच होता. इतके दिवस कुणी बोललं नव्हतं. सरांनी "शुअर, शुअर" म्हणून स्टूल मिटवलं आणि स्टोअरमध्ये परत करायला माझ्याकडे आणलं. माझ्या टेबलाला ते टेकवून ठेवलं, दोन पेनं खिशात नीट केली आणि लेक्चरला गेले. मी ते स्टूल स्टोअरला पाठवलं नाही. टेबलामागे तसंच ठेवलं. का ठेवलं, मला सांगता येणार नाही.

त्या शनिवारी घरी मी काहीशी सैरभैर होते. माझी मुलगी ईरा शाळेच्या टीममध्ये खेळते. तिला म्हटलं, जरा हे ऐक, आणि सरांच्या सगळ्या नोट्स पहिल्यापासून लावल्या. प्रत्येक मॅचचं रेकॉर्डिंग टीमच्या ग्रुपवर होतंच. ते तिनं लॅपटॉपवर लावलं. आम्ही दोघी सोफ्यावर बसून नोट ऐकायची, मग ती मॅच पळवत पळवत बघायची, असं दुपारभर केलं.

पहिली, जिंकलेली मॅच. आमचा गोलकीपर डावीकडे उडतोय, उजवीकडे उडतोय, बॉल खांबाला लागतोय. "आई, धिस इज टेरिबल," ईरा म्हणाली. "दे गॉट सो लकी." मग ती तीन-शून्यची मॅच. एक गोल आमच्या कीपरच्या हातातून निसटलेला, एक आमच्याच फॉरवर्डनं बॉलला हात लावल्यामुळे दिलेल्या पेनल्टीचा, एक कुठल्या कुठून मारलेला. बाकी पूर्ण वेळ मागची चार पोरं एखाद्या दोरीला बांधल्यासारखी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत होती आणि समोरच्याला शिरायला जागा सापडत नव्हती.

"ही इज लिटरली राइट," ईरा म्हणाली. "एव्हरी सिंगल टाइम."

मग मी नुसत्या नोट्स ओळीनं ऐकल्या. अत्यंत वाईट. वाईट. जरा बरं. बरं. चांगला झाला. फक्त बापूचे मोजे. चांगला. उत्तम, एकदाच हाक मारावी लागली. कुठे खाली नाही, वर नाही. एक सरळ चढत गेलेली रेघ. ती मी दर सोमवारी पुसून त्या जागी आपली वेडीवाकडी काढली होती.

"बट व्हाय डिड यू चेंज इट?" ईरानं विचारलं.

मी म्हटलं, मला वाटलं, सर गोंधळलेत.

"आई," ती लॅपटॉप मिटत म्हणाली, "इट वॉज यू." वाईट हेतूनं म्हणाली नाही. पण मला रडू आलं, हे खरं आहे.

सोमवारी मी डॉक्टर फादींकडे गेले आणि सगळं सांगितलं. नोट्सचं इंग्लिश करून, टाइप करून नेलं होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मॅडम, कोचचं कॉन्ट्रॅक्ट सीझन संपेपर्यंतचं आहे. आता दोन माणसं पोरांना दोन गोष्टी सांगायला लागली तर संपलंच. नेक्स्ट सीझन, इन्शाल्ला, मी मिस्टर दळवींना स्वतः रिक्वेस्ट करीन."

"नेक्स्ट सीझनला ते नाहीत, सर," मी म्हटलं.

त्यांना ते आठवलं. त्यांनी कागद घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला.

राहिले दळवी सर. त्यांना सांगायला मला पुढचे पाच-सहा आठवडे लागले. शेवटून दुसऱ्या मॅचला ते प्रेक्षकांच्या बाकड्यांवर माझ्या शेजारी येऊन बसले. बाजूने, उंचावरून मैदान बघायची त्यांना सवय नव्हती. सारखे मान तिरकी करत होते. हाफ टाइमला मी म्हटलं, "सर, तुमची जागा माझ्यामुळे गेली." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. वयाचंसुद्धा. मी तुम्हाला विसराळू समजले, हेसुद्धा.

सर मैदानाकडे बघत होते. म्हणाले, "माहीत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"रिपोर्टची कॉपी मला येत होती की दर सोमवारी. डीन साहेब पाठवायचे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"पहिला वाचला तेव्हा वाटलं, विचारावं. मग वाटलं, बाई आपल्याला कव्हर द्यायला लागलीय. इथं एवढ्या वर्षांत कुणी दिलं नव्हतं. चुकीच्या बाजूनं दिलं म्हणून काय ओरडायचं तुमच्यावर? तेवढ्यानं ही जागा जाईल असं मलाबी वाटलं नव्हतं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू."

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "सर, ही नावं तुमच्या कोल्हापूरच्या टीममधली ना? त्या चौघांत तुम्ही कोण होता? बापू की तात्या?"

"कोणीच नव्हतो."

"म्हणजे?"

"मी रिझर्व्ह होतो. बापू, तात्या, दिनू, गजा हे चौघं खेळायचे. सहा वर्षं. एकालाबी कधी लागलं नाही, एकबी कधी आजारी पडला नाही. माणसं होती का काय देव जाणे. मी गोलच्या मागं स्टुलावर. कुणी गेला तर सरकून आत जायचं म्हणून बसलेला. कोण कुठं सरकतंय ते बघत. सहा वर्षं तेच बघितलं. बॉल कुठं होता ते आमच्या जागेवरनं दिसायचंच नाही." ते पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. "मग नोकरीला इकडं आलो."

इतके दिवस मी ज्याला मोठा खेळाडू किंवा विसराळू म्हातारा, यांपैकी एक ठरवत होते, तो या दोन्हींतला नव्हता. मग कोण होता, ते मला अजूनही धड सांगता येत नाही. हयातभर आत बोलावण्याची वाट बघितलेला आणि त्याबद्दल कुणावर चिडलेला नसलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटची मॅच मार्चच्या अखेरच्या शनिवारी, दुपारी चारला, आमच्याच मैदानावर. सरांचं विमान रविवारचं. खोली रिकामी झाली होती, भांडी त्यांनी शेजारच्या खोलीतल्या पोरांना दिली होती. सर मॅचला येणार म्हणाले होते, पण बाकड्यांवर दिसेनात. मी इकडे तिकडे शोधलं. मग आमच्या गोलच्या दिशेनं बघितलं आणि दिसले. मैदानाच्या हद्दीबाहेर, तारेच्या कुंपणापलीकडे, पार्किंगच्या कडेला. नियमात बसेल अशा जागी, पण बरोबर गोलच्या मागे. फुल शर्ट, बोटं तारेच्या जाळीत अडकवलेली.

मी ऑफिसात पळत गेले, टेबलामागचं स्टूल उचललं, मागच्या गेटनं पार्किंगमध्ये गेले आणि त्यांच्यापाशी ठेवलं. सरांनी स्टुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बसले. मी परत आत आले आणि गोलपासून जरा दूर, कुंपणाच्या आतल्या बाजूला उभी राहिले.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा बॉलकडे न बघता मॅच बघितली. फार अवघड असतं. डोळे आपोआप पळतात, ते धरून आणावे लागतात. पण धरले, की दिसायला लागतं. चिडी पुढे गेला, करीम त्याच्या जागेवर. झैद करीमच्या. पलीकडून ओंकार आत. चिडी परत आला, सगळे परत. जाळीमागून हाक नव्हती. सर तोंड मिटून बसले होते. हाक मैदानातून आली, करीमची, इजिप्शियन घशातून, अरबीतला 'चल' मधे घालून: "बापू, यल्ला, सरक!" आणि चिडी सरकला. रंगीत शंकू लावणारा तो भला कोच बाकावर बसून काहीतरी लिहीत होता. त्याला 'सरक' हा शब्द कुठल्या भाषेतला हे माहीत नसावं. त्यानं तो बदलला नव्हता, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

हाफ टाइमला सर स्टूल काखेत घेऊन कुंपणाच्या बाहेरून सगळा वळसा घालून दुसऱ्या टोकाला गेले. मी आतून, त्यांच्या बरोबरीनं.

शेवटची शिट्टी झाली. चौघं सवयीनं ओळीत उभे राहिले आणि मोजे झाडले. कुणी सांगितलं नव्हतं. ओंकारनं कुंपणाकडे बघून हात उलटे करून दाखवले. काही नाही. स्वच्छ.

मी तारेजवळ गेले, फोन काढला. "सांगा, सर. लिहिते."

"आत्ता? बसमधून पाठवतो की."

"नाही. आत्ता."

सरांनी घसा साफ केला. "लिहा. डिफेन्स उत्तम. एकदाही हाक मारावी लागली नाही. बाकी विशेष नाही."

मी तेवढंच इंग्लिशमध्ये लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तारेतून फोन दाखवून वाचायला दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं, मान हलवली, आणि मी त्यांच्यासमोर डॉक्टर फादींना पाठवून दिलं. मला नमस्कार करायचा होता. मधे तार होती, वाकणार कुठे. मी म्हटलं, "सर, सांभाळून जा."

"होय की. येतो, मॅडम."

स्टूल मिटवून त्यांनी कुंपणाला माझ्या बाजूनं दिसेल असं टेकवून ठेवलं, स्टोअरची वस्तू म्हणून, आणि रस्त्याकडे चालायला लागले. मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पकडे परतणाऱ्या कामगारांच्या दोन बस गेल्या, मग त्यांची आली. पायरीवर एक पाय ठेवल्यावर त्यांना आठवलं. ते वळले आणि तिथून ओरडले, "मॅडम, किती झालं?"

"एक-शून्य!" मी ओरडले.

कोण जिंकलं, ते त्यांनी विचारलं नाही. हात वर केला आणि आत गेले. बस भरलेली होती. दारातली माणसं एकेक पाऊल मागे सरकली आणि सर मधे मावले.